सर्व अहवाल चांगले, तरी जीव घाबरा का?



या सदरातून आपण एरवी ठेवी, वारसनोंद, विमा, भागीदारी अशा व्यवहाराच्या गोष्टी बोलतो. मागे आरोग्यविम्याविषयी लिहिले होते. तो अंक घरोघरी पोहोचल्यावर, एका तालुक्याच्या गावी भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या बंधूंचा मला दूरध्वनी आला. त्यांचा प्रश्न सरळ होता. "साहेब, घरच्यांच्या तपासण्या केल्या, बिल बरेच झाले. दवाखान्यात दाखल मात्र केले नव्हते. विम्यातून काही मिळेल का?"

तपासण्या कोणत्या, असे विचारले तेव्हा त्यांनी यादीच वाचून दाखविली. दोन वेळा ईसीजी, इको, ट्रेडमिल, पोटाची सोनोग्राफी, शेवटी मेंदूचा एमआरआय. सर्व अहवाल चांगले.

"मग वहिनींना त्रास काय होतो?" मी विचारले.

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "रात्री तीनला उठून बसते. छाती धडधडते म्हणते. मुलाला दुकानातून यायला दहा मिनिटे उशीर झाला की दारात जाऊन उभी राहते. गॅस बंद केला का, ते चार वेळा बघते. अशी नव्हती हो ती. पंचवीस वर्षे सारे घर तिने एकटीने चालविले."

वय विचारले, ते पंचेचाळीस निघाले. यापुढचा प्रश्न परक्या पुरुषाने दूरध्वनीवर विचारावा की नाही, या संकोचात मी थोडा वेळ गेलो. अखेर विचारलेच : "इतक्या डॉक्टरांना दाखविले, त्यांपैकी कोणी त्यांच्या मासिक पाळीची चौकशी केली का?"

ते म्हणाले, "त्याचा याच्याशी काय संबंध?"

आजचा लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. नाव-गाव न सांगण्याच्या अटीवर त्या बंधूंनी हा संवाद लिहिण्यास संमती दिली आहे. मी वैद्य नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे हा मजकूर छापण्यापूर्वी परिचयातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींकडून तपासून घेतला आहे.

माझ्या घरची नोंद

हा प्रश्न मला सुचला, याचे कारण तो माझ्याच घरात फार उशिरा विचारला गेला होता.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत झाली होती आणि मी शनिवारी रात्री घरी येत असे. त्या दिवसांत पत्नीला असाच त्रास सुरू झाला. मध्यरात्री अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखे होई, घाम फुटे, काळीज धडधडू लागे आणि काहीतरी वाईट घडणार असे वाटून ती पहाटेपर्यंत जागी राही. लग्नसमारंभाच्या गर्दीत जाणे तिने टाळले. पुढे स्थानकात प्रतिक्रमणाला जाणेही बंद झाले. एका डॉक्टरांनी ईसीजी काढून 'काही नाही' असे सांगितले. नात्यातल्या कोणी दृष्ट काढली, कोणी ग्रह दाखविले.

हे सारे लिहू का, असे तिला परवा विचारले. ती म्हणाली, "लिहा. पण तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, तेही लिहा."

मी म्हणालो होतो, "रिकामा वेळ फार आहे, म्हणून असे विचार येतात."

त्यानंतर तिने मला सांगणे सोडून दिले. त्रास थांबला, असे मी समजलो. जवळजवळ दोन वर्षांनी अतिरक्तस्रावासाठी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्या बाईंनी पाळी केव्हापासून मागेपुढे होते, झोप कशी आहे, छातीत धडधडते का, मन घाबरते का, असे प्रश्न एकामागून एक विचारले. पत्नीने उत्तरे देता देता डोळ्यांना पदर लावला. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो. तरुणपणी खातेवही जुळवताना सत्तर पैशांच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत बँकेत बसणारा हा माणूस! घरातला दोन वर्षांचा फरक त्याच्या लक्षातही आला नव्हता.

संप्रेरके आणि मन यांचा संबंध

'हार्मोन' हा शब्द इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतविणे, गती देणे असा आहे. मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणतो. आपल्या वाचकांना हुंडीचा दृष्टांत लवकर पटेल. एका पेढीवर लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावच्या पेढीवर सकारली जाते, तसे एका ग्रंथीतून निघालेले संप्रेरक रक्तावाटे दूरच्या अवयवात पोहोचते आणि तेथे त्याचे काम होते. अंडाशयातून निघणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके गर्भाशयापुरतीच असतात, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यांच्या हुंड्या सकारणारी एक मोठी पेढी मेंदूत आहे. झोप, स्मरण, शरीराचे तापमान आणि भीती यांचा कारभार जेथे चालतो, त्या भागांवर त्यांचा प्रभाव असतो.

इस्ट्रोजेनचा संबंध सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी येतो. मनाची स्थिरता ज्या रसायनांवर अवलंबून असते त्यांपैकी ते एक आहे. प्रोजेस्टेरॉनचे शरीरात रूपांतर होऊन ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो. तो मेंदूला शांत करणाऱ्या 'गॅबा' व्यवस्थेला बळ देतो. झोपेच्या व चिंतेच्या पुष्कळशा गोळ्या याच व्यवस्थेवर काम करतात. निसर्गाने स्त्रीच्या शरीरात एक शामक द्रव्य ठेवले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. ही केवळ कल्पना नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी जे औषध मान्य केले, ते म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला हाच पदार्थ होय.

आता चाळिशीनंतर काय होते ते पाहू. पाळी कायमची थांबण्याआधी काही वर्षांचा संधिकाल असतो. त्याला रजोनिवृत्तिपूर्व काळ म्हणतात. तो सरासरी चार वर्षांचा असतो, काहींच्या बाबतीत आठ वर्षांपर्यंतही लांबतो. पाळी थांबण्याचे वय पाश्चात्त्य देशांत सरासरी ५१ आहे, तर आपल्याकडे ते ४६-४७ च्या आसपास आहे. म्हणजेच आपल्या घरांतील स्त्रियांचा हा संधिकाल चाळिशीच्या प्रारंभीच सुरू होऊ शकतो. अनेकदा कोणाच्या ध्यानीमनी नसताना तो येतो, कारण पाळी तोवर चालूच असते.

या काळात इस्ट्रोजेन हळूहळू, सरळ रेषेत उतरत जाते असे नाही. ते कधी पूर्वीपेक्षाही वर चढते आणि मग एकदम घसरते. ज्या महिन्यात अंडे सुटत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन पुरेसे तयार होत नाही. बाजारभाव मंद असला तरी व्यापारी निभावून नेतो, पण रोज वरखाली होणारा भाव त्याची झोप उडवितो. मेंदूचेही काहीसे तसेच होते. शरीराचे तापमान राखणारे मेंदूतील केंद्र या चढउतारात अतिसंवेदनशील होते. तापमानात थोडासा फरक पडला तरी ते घाम व धडधड सुरू करते. रात्री असे झाले की झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेनंतरचा दिवस अधिक अस्वस्थ जातो.

यातील एक गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यावी. भीतीमुळे छाती धडधडते, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे अनेकदा क्रम उलटा असतो. धडधड आधी येते, आणि मन तिचे कारण मागाहून शोधते. मग ते कधी गॅसच्या बटणात सापडते, कधी दाराच्या कडीत, कधी मुलाच्या मोटारसायकलमध्ये. गॅस बंदच आहे हे चार वेळा पटवून दिले तरी तिचे समाधान होत नाही, कारण धडधड गॅसमुळे सुरूच झालेली नसते.

प्रत्येक स्त्रीला असा त्रास होतो, असे मात्र नाही. पुष्कळ जणी हा काळ सहज ओलांडतात. ज्यांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात फार अस्वस्थता येत असे, बाळंतपणानंतर मन खचले होते किंवा पूर्वी चिंतेचा आजार झाला होता, त्यांना तो होण्याची शक्यता अधिक असते. याच वयात मुलीचे लग्न, मुलाचे दुकानात बसणे, सासू-सासऱ्यांचे आजारपण ही ओझीही येतात. तेव्हा सारा भार संप्रेरकांवर टाकून घरातील ओढाताण तशीच ठेवणे, हाही न्याय नव्हे.

आणखी तीन प्रसंग

हा संबंध चाळिशीपुरता नाही. बाळंतपणानंतर अगदी थोड्या दिवसांत ही दोन्ही संप्रेरके वेगाने खाली येतात. पहिल्या दोन आठवड्यांतील रडू बहुधा आपोआप ओसरते. पण सव्वा महिना उलटला तरी सून किंवा लेक सतत धास्तावलेली असेल, बाळाचा श्वास चालू आहे ना म्हणून रात्रभर जागी राहत असेल, तर 'पहिलटकरीण आहे, होईल सवय' असे म्हणून सोडून देऊ नये.

दुसरा प्रसंग गर्भपिशवी काढण्याचा. आपल्या समाजात ही शस्त्रक्रिया फार सहजपणे स्वीकारली जाते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली तर जो बदल एरवी काही वर्षांत होतो, तो काही दिवसांत होतो. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी 'अंडाशये ठेवणार की काढणार, आणि का?' हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. नंतर घाबरटपणा वाढला तर तो कोठून आला, हे निदान घरात कळेल.

तिसरा प्रसंग थायरॉइडचा. ही ग्रंथी अधिक काम करू लागली की धडधड, हातांची थरथर, वजन घटणे व बेचैनी येते. तिचे काम मंदावले की थकवा व उदासी येते. स्त्रियांमध्ये हा दोष पुरुषांपेक्षा बराच अधिक आढळतो, आणि एका साध्या रक्ततपासणीत तो कळतो.

तपासणीचा क्रम

खर्चाच्या दृष्टीने पाहता त्या बंधूंच्या यादीत महागड्या तपासण्या आल्या आणि स्वस्त तपासण्या राहून गेल्या. प्रारंभी ईसीजी काढला, हे त्यांनी योग्यच केले. पाळी थांबण्याच्या सुमारास स्त्रीच्या हृदयाला असलेले नैसर्गिक संरक्षण कमी होऊ लागते. म्हणून धडधड 'वयाची आहे' असे घरीच ठरवू नये. छातीत दाब वाटणे, जबडा, पाठ वा हात दुखणे, दम लागणे यांपैकी काही असेल तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

हृदय ठीक आहे असे कळल्यावर मात्र रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच आणि जीवनसत्त्व ब-१२ या तपासण्या डॉक्टरांना विचारून कराव्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या संधिकालात पाळीचा स्राव पुष्कळदा वाढतो, रक्त कमी होते, आणि रक्त कमी झाले की काळीज धडधडतेच. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. आपल्या आहारात त्याचा आधार दूध-दह्याचा. सर्वांना वाढून झाल्यावर तळाचे पातळ ताक घेणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला ते किती येते, हे प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरात पाहावे. त्याच्या अभावी हातापायांना मुंग्या, थकवा, चिडचिड व उदासी येते.

पंचेचाळिशीच्या पुढे पाळी मागेपुढे होत असेल आणि लक्षणे जुळत असतील, तर संप्रेरकांच्या महागड्या तपासण्यांची बहुधा गरज नसते. त्यांचे आकडे आज एक आणि पंधरा दिवसांनी दुसरे येतात. चाळिशीच्या आतच पाळी थांबली, तर मात्र त्या आवश्यक ठरतात. तसेच पूर्ण बारा महिने पाळी न येता पुन्हा रक्त दिसले, तर एक आठवडाही न दवडता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

या सर्वांपेक्षा उपयोगी आणि बिनखर्ची साधन म्हणजे एक वही. आपण दुकानाचा रोजमेळ लिहितो, तसा तीन महिने हा रोजमेळ लिहावा. पाळीची तारीख, झोपेचे तास, अंगातून वाफा आल्याची वेळ, धडधडीची वेळ, चहाचे कप, उपवास आणि घेतलेली औषधे, एवढे स्तंभ पुरेत. डॉक्टरांकडे पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत घाबरलेल्या स्त्रीला जे सांगता येत नाही, ते ही वही सांगते. चहाचा स्तंभ मी मुद्दाम घातला आहे. दुकानातून माणूस आला की चहा, पाहुणे आले की चहा, आणि प्रत्येक वेळी करणारीचाही अर्धा कप होतो. दुपारनंतरचा चहा बंद केल्यावर रात्रीची धडधड कमी झाल्याचा अनुभव काही भगिनी सांगतात.

ओळखीच्या दुकानातील गोळी

आपल्या पुष्कळ बांधवांची औषधांची दुकाने आहेत, म्हणून हे स्पष्टपणे लिहितो. घरात कोणी घाबरले, झोप लागेना, की ओळखीच्या दुकानातून अल्प्राझोलामची पट्टी आणली जाते. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. २०१४ पासून ती 'शेड्यूल एच-१' मध्ये आहे आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. तिने दोन रात्री बरे वाटते, पण काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागू शकते. मग ती एकाएकी सोडली तर पहिल्यापेक्षा अधिक घबराट, क्वचित झटकेही येतात. ज्या भगिनी ती पूर्वीपासून घेत असतील, त्यांनी हा लेख वाचून ती आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करता येते.

योग्य उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. समुपदेशनाची एक पद्धत अशी आहे की तिच्यात विचारांचे चक्र ओळखून ते थांबविण्यास शिकवितात. तिचा लाभ अनेकींना होतो. मनोविकारतज्ज्ञ काही महिने घ्यावयाची औषधे देतात, ती सवय लावणाऱ्या गोळ्यांपेक्षा निराळी असतात. वाफा व घाम फार असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ संप्रेरकांचे औषध सुचवितात. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबविण्यात आला, तेव्हापासून या औषधाची जगभर धास्ती बसली. पुढे त्याच आकड्यांचा वयानुसार अभ्यास झाल्यावर असे दिसले की साठीच्या आतील, पाळी थांबून दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा लाभ बहुधा अधिक असतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रक्ताच्या गाठी होण्याचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रियांसाठी ते सामान्यतः योग्य नसते. हा निर्णय तज्ज्ञांचा. शेजारणीला मानवले म्हणून आपणही घ्यावे, असे हे औषध नव्हे.

विम्याच्या प्रश्नाचे उत्तर

त्या बंधूंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिले. साधी आरोग्य पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देते. दाखल न होता केलेल्या तपासण्या व डॉक्टरांची फी, बाह्यरुग्ण खर्चाचे कलम पॉलिसीत असेल तरच मिळते. केवळ तपासण्यांसाठी दाखल होऊन दावा केल्यास तो नाकारला जातो, म्हणून तसा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. नूतनीकरणाच्या वेळी हे कलम आपल्या पॉलिसीत वाचून घ्यावे. 'मानसिक' हा शब्द कागदावर आला तर मुलीच्या स्थळांना अडचण येईल, या भीतीने उपचारच न घेणारी घरे मला ठाऊक आहेत. अशांनी निदान १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवावा. ही 'टेलिमानस' नावाची केंद्र शासनाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्री तीन वाजताही तेथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे शब्द कोणी उच्चारले, तर तो क्रमांक त्याच क्षणी लावावा आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

व्रत, औषध आणि अभय

आपल्या घरांत औषधांचा प्रश्न व्रतांशी येऊन भिडतो. नवकारसी करणाऱ्या भगिनी सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात काही घेत नाहीत. त्यानंतर थायरॉइडची गोळी आणि चहा एकदमच घेतात. दुधाबरोबर घेतलेली ही गोळी अंगी लागत नाही. नवकारसी सुटताच पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने करावा, म्हणजे व्रतही राहते आणि औषधही लागू पडते. चौविहार करणाऱ्यांनी रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, असे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळदा ते शक्य असते. रात्री फार घाम जात असेल, तर दिवसा पाणी पुरेसे घ्यावे. पर्युषणात अठ्ठाईसाठी मनाची औषधे परस्पर बंद करणे अत्यंत अहितकारक होय. सोळा कारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' अशी स्वतंत्र भावना आहे. तप शक्तीनुसार करावयाचे, हे शास्त्रालाच मान्य आहे. शंका असल्यास महाराजसाहेबांना आजार सांगून मार्गदर्शन घ्यावे. त्यात संकोच कसला?

एखादी भगिनी ४८ मिनिटे सामायिकात स्थिर बसू शकत नाही, तेव्हा 'धर्मात मन नाही, म्हणून असे होते' असे तिला ऐकविले जाते. आपल्या शास्त्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत वेदनेमुळे होणाऱ्या आर्तध्यानाचा स्पष्ट उल्लेख आहे. देहाची पीडा चित्ताला आपल्याकडे ओढून नेते, हे पूर्वाचार्य जाणून होते. घाबरलेल्या स्त्रीवर पापाचे ओझेही टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सामायिकातील शांत श्वास व स्मरण यांनी तिला खरोखर आधार मिळतो. तो औषधाबरोबर मिळावा, औषधाऐवजी नव्हे.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पांजरपोळासाठी आणि जीवदयेसाठी आपला समाज हात सैल सोडतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण अभयाचे दान घरातही देता येते. रात्री तीन वाजता ती उठून बसली, तर कूस न बदलता दिवा लावावा, पाण्याचा पेला द्यावा किंवा चौविहार असेल तर नुसते जवळ बसावे आणि "किती वेळ झाला? मी आहे," एवढे म्हणावे. त्याला पैसा लागत नाही. हे मी फार उशिरा शिकलो. पत्नी आज बरी आहे, नियमाने प्रतिक्रमणाला जाते. ती दोन वर्षे मात्र माझ्या नावे खर्चीच राहिली आहेत.

त्या बंधूंचा गेल्या आठवड्यात पुन्हा दूरध्वनी आला. वहिनींना स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखविले. वर्षभर पाळीचा स्राव फार होत होता आणि त्यांनी तो कोणालाच सांगितला नव्हता. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास निघाले. लोहाचे औषध सुरू झाले आहे, समुपदेशनाच्या दोन भेटी झाल्या आहेत. "अजून पूर्ण बरे नाही," ते म्हणाले, "पण वही लिहिते. आणि साहेब, आता रात्री उठली की मला उठविते."

विम्याचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

जय जिनेंद्र.